घरातल्या कोळ्यांना शेतातले औषध नको

पावसाळा सरला की घराच्या कोपऱ्यांत जळमटे दिसू लागतात. सोयाबीन-तुरीच्या पट्ट्यातल्या केनवडसारख्या (ता. रिसोड, जि. वाशिम) गावात फवारणीच्या औषधाची उरलेली बाटली हाताशी असते. तेच घरात मारण्याचा मोह टाळावा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर दगावले. तेही उघड्या शेतात. बंद खोलीत तर विष कोंडून राहते.

शिवाय फवारणीने कोळी कायमचे जात नाहीत. लहान कोळी रेशमी धाग्याच्या आधाराने वाऱ्यावर दूर उडतात. १८३२ मध्ये डार्विन यांच्या ‘बीगल’ जहाजावर किनाऱ्यापासून ६० मैलांवर असे असंख्य कोळी उतरले होते. समुद्रातले जहाज सुटले नाही, तिथे घर कसे सुटेल?

कोळी येतो तो किड्यांमागे. दारावरचा दिवा रात्री विनाकारण चालू ठेवू नये. जळमटे अंड्यांच्या पिशव्यांसह झाडूने काढावीत, भिंतीच्या फटी बुजवाव्यात, खिडक्यांना मच्छरजाळी लावावी. घरातले बहुतेक कोळी माणसाला अपाय करत नाहीत. उलट डास-माश्या खातात. चावल्यास जागा साबण-पाण्याने धुवावी; सूज वाढल्यास दवाखाना गाठावा.