साखर, सागर आणि अवकाश : नीराकाठच्या एका कौशल्याचे अर्थकारण

सागर व अवकाश या क्षेत्रांतील उद्योगांचा विचार निघाला की दृष्टी साहजिकच बंदरांकडे आणि प्रक्षेपणतळांकडे वळते. समुद्रापासून दूर, पर्जन्यछायेत वसलेल्या माळशिरस तालुक्याचा त्या अर्थकारणाशी काही संबंध असेल, असे प्रथमदर्शनी वाटत नाही. तथापि तालुक्याच्या उत्तरेकडील नीरा नदी ओलांडली की इंदापूर तालुक्यात वालचंदनगर लागते. आणि तेथील कारखान्याचा इतिहास पाहता हा संबंध काल्पनिक नाही, हे ध्यानात येते.

वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापुरात झाला. ज्या सिंदिया कंपनीच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता, तिचे ‘लॉयल्टी’ हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाले. १९४० मध्ये त्यांनी बंगळूरच्या विमान कारखान्याचा व १९४१ मध्ये विशाखापट्टणमच्या जहाजबांधणी कारखान्याचा पाया घातला. नीराकाठची साखर वसाहत याच कालखंडातली. पुढे तेथील कर्मशाळा साखर कारखान्यांची यंत्रे घडवू लागली आणि १९७३ पासून तिचा भारतीय अवकाश कार्यक्रमाशी संबंध आला. साखरेची यंत्रे घडविणाऱ्यांच्या हाती अग्निबाणाचे काम कसे आले, हा येथे खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर ‘दाब’ या एका शब्दात सापडते. साखर कारखान्याच्या बॉयलरमध्ये वाफ आतून बाहेर दाब देते. पॅनमध्ये याच्या उलट घडते : रस कमी तापमानात उकळावा व साखर करपू नये म्हणून आतील हवा काढून घेतात, आणि बाहेरची हवा पॅनला आत दाबते. घनइंधनाच्या अग्निबाणाचे कवच हे तत्त्वतः बॉयलरसारखेच, जळत्या वायूंचा दाब सोसणारे पात्र होय. १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ घेऊन गेलेल्या प्रक्षेपकाला सुमारे २०० टन इंधनाचे दोन बाजूबाण जोडलेले होते; त्यांच्या कवचांचे भाग वालचंदनगरला तयार झाले. खोल समुद्रातील पाणबुडीचे नाते पॅनशी आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये ४,०७७ कोटी रुपयांच्या सागरतळ मोहिमेला मंजुरी दिली. तीतील ‘मत्स्य-६०००’ या वाहनात तीन माणसांसाठी २.१ मीटर व्यासाचा टायटॅनियमचा गोल योजिला आहे. ६,००० मीटर खोलीवर त्यावर वातावरणाच्या सुमारे ६०० पट दाब पडावयाचा आहे. या गोलाच्या निर्मितीत अवकाश संस्थेचे साहाय्य घ्यावे लागले, ही गोष्ट या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

अर्थात बॉयलरचा पत्रा आणि अग्निबाणाचे विशेष पोलाद यांत फार अंतर आहे. एका क्षेत्रातून दुसऱ्यात जाते ती वस्तू नव्हे. जाते ती शिस्त. वेल्डिंगचा प्रत्येक सांधा क्ष-किरणांनी तपासणे, पात्रात पाणी भरून दाबाची कसोटी घेणे आणि प्रत्येक भागाची लेखी नोंद ठेवणे, ही ती शिस्त होय.

तिचे आर्थिक मोल मोजताना मात्र सावधगिरी हवी. भारताची अवकाश अर्थव्यवस्था ८.४ अब्ज डॉलरांवरून २०३३ पर्यंत ४४ अब्जांवर नेण्याचे उद्दिष्ट ‘इन-स्पेस’ या शासकीय संस्थेने २०२३ मध्ये मांडले. परंतु या उलाढालीचा मोठा वाटा दळणवळणासारख्या उपग्रहसेवांचा असतो, कवचांचा नव्हे. अग्निबाणांची मागणी थोडी, कसोटी कठोर. केवळ तिच्यावर कर्मशाळा जगू शकत नाही. तिला नित्याचे काम जवळपासच मिळावे लागते.

‘शाश्वत’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘नित्य असणारे’ असा आहे. येथे तो जपून घेतला पाहिजे, कारण जे नव्या गरजांनुसार बदलू शकते तेच कौशल्य टिकते. माळीनगर, अकलूज, श्रीपूर, सदाशिवनगर या परिसरातील साखर उद्योग असे काम पुरवू शकतो. रस काढल्यावर उरणारा भुसा अधिक दाबाच्या बॉयलरमध्ये जाळला, तर तेवढ्याच भुशापासून अधिक वीज मिळते. म्हणजे येथेही प्रगतीचा प्रश्न अधिक दाब सोसणारे पात्र घडविण्याचाच आहे.

माळशिरस तालुक्याच्या दृष्टीने या विचाराला विशेष महत्त्व आहे. नीरा उजव्या कालव्याचे पाणी मर्यादित असल्यामुळे उसाचे क्षेत्र अमर्याद वाढविता येत नाही. आणि त्या क्षेत्रावर अवलंबून असणाऱ्या घरांतील पुढच्या पिढीला जमिनीचा वाटा पूर्वीपेक्षा कमीच येणार. कुशल सांधकाम व तपासणी यांचे शिक्षण तेथे रुजले, तर पाण्याची मागणी फारशी न वाढविता उत्पन्न वाढविण्याचा एक मार्ग मोकळा होईल. मात्र उसाला जसे पाण्याचे आवर्तन वेळेवर लागते, तसे कौशल्याला कामाचे लागते. ते खंडित झाले, तर शिकलेला हात गाव सोडतो व कर्मशाळेचा अनुभव त्याच्याबरोबरच जातो.