किल्ली चौकटीवर ठेवू नका!

खोलीला कुलूप लावून किल्ली दाराच्या चौकटीवर ठेवणारे महाभाग होस्टेलच्या प्रत्येक विंगमध्ये असतात. त्यांना हसण्यात मी सर्वांत पुढे. पण थर्ड इयरच्या मिनी प्रोजेक्टमध्ये मीही नेमके तेच केले.

आमचा प्रोजेक्ट म्हणजे मेसच्या मेनूविषयी प्रश्नांना उत्तरे देणारा चॅटबॉट. उत्तरे तयार करायला एक ऑनलाइन सेवा घेतली होती. आपला प्रोग्राम अशा सेवेला काही विचारतो, तेव्हा ओळख म्हणून अक्षरे आणि अंकांची एक लांबलचक ओळ सोबत पाठवावी लागते. तीच एपीआय की; पुढे मी तिला किल्लीच म्हणतो. सेवा फक्त किल्ली बघते, माणूस नाही. वापरणारा कोणीही असो, बिल खऱ्या मालकाला! आमच्या बाबतीत ते दादाच्या कार्डावर होते.

सबमिशनच्या आदल्या रात्री मी किल्ली थेट कोडमध्ये लिहिली आणि सगळे गिटहबच्या पब्लिक रिपॉझिटरीत टाकले. अर्ध्या तासाने रूममेट ओरडला, "अरे, ती किल्ली काढ आधी!" मी ती ओळ खोडली, पुन्हा पुश केले आणि निवांत झोपलो. सकाळी दादाचा फोन, "काय रे, एका रात्रीत सहा हजारांचं काय घेतलंस?"

चूक नंतर कळली. गिट जुने काही विसरत नाही. ओळ खोडली तरी आधीच्या कमिटमध्ये ती जशीच्या तशी राहते. शिवाय अशा किल्ल्या हुडकत फिरणारे प्रोग्राम असतातच. हल्ली गिटहब ओळखीच्या साच्यातल्या किल्ल्या पुश करतानाच अडवते, पण सगळ्याच तिला ओळखू येत नाहीत. किल्ली फुटली की उपाय एकच, कुलूप बदलणे. म्हणजे आधी सेवेच्या खात्यात जाऊन जुनी किल्ली रद्द करायची, मग बाकीची साफसफाई.

"आमची रिपॉझिटरी प्रायव्हेट आहे" म्हणून निर्धास्त राहू नका. २०१६ साली उबरच्या इंजिनिअरांच्या प्रायव्हेट रिपॉझिटरीत शिरलेल्या चोरांना क्लाउडची किल्ली सापडली आणि सुमारे ५ कोटी ७० लाख प्रवासी व चालकांची माहिती गेली.

आता मी पाळतो ते नियम असे:

१) किल्ली कोडमध्ये नाही, वेगळ्या 'डॉट ईएनव्ही' फाइलमध्ये. त्या फाइलचे नाव पहिल्या कमिटच्या आधीच 'डॉट गिटइग्नोअर'मध्ये घालायचे.

२) वेबपेजच्या जावास्क्रिप्टमध्ये किंवा मोबाइल ॲपमध्ये किल्ली ठेवायची नाही, तिथून ती कोणीही काढू शकतो. ॲपने आपल्या सर्व्हरला विचारावे, किल्ली सर्व्हरकडे असावी.

३) प्रत्येक प्रोजेक्टला वेगळी किल्ली आणि तिला लागतील तेवढेच अधिकार. एक रद्द केली तरी बाकीची कामे अडत नाहीत.

४) सेवेत सोय असेल तर खर्चाची मर्यादा पहिल्याच दिवशी लावायची.

५) ग्रुपवर किल्ली पाठवायची नाही. रिपोर्टमधले स्क्रीनशॉटही तपासायचे. व्हायवा झाला, की किल्ली रद्द!

दादाचे पैसे मी अजून फेडतोय. माझे झाले 'बैल गेला अन् झोपा केला'. तुमचा बैल अजून गोठ्यातच असेल, तर आज जेवण झाल्यावर आपले जुने कमिट एकदा चाळून बघाच.