फेरेट, मुंगूस आणि वऱ्हाडातले घर

फेरेट या परदेशी प्राण्याची ओळख मराठीत करून देताना 'मुंगसासारखा' हे विशेषण सहज वापरले जाते, आणि लांब अंग, आखूड पाय, निमुळते तोंड व बिळात शिरण्याची ओढ एवढ्यापुरते ते खोटेही नाही. परंतु याच सोयीच्या उपमेतून एकमेकींना पूरक अशा दोन चुकीच्या समजुती रूढ होतात. पहिली अशी, की परदेशात फेरेट घरोघर पाळतात, तेव्हा अमरावती-अकोल्याकडे शेताच्या धुऱ्यावर रोज दिसणारे मुंगूस पाळायला काय हरकत आहे; आणि दुसरी अशी, की मुंगूस वऱ्हाडच्या उन्हात मजेत नांदते, तेव्हा विकत आणलेला फेरेटही नांदेल.

मुळात हे दोन प्राणी जवळचे नातलग नाहीत. फेरेट हा वीझल, पाणमांजर आणि रातेल यांच्या कुळातला प्राणी असून युरोपातील पोलकॅट नावाच्या रानटी प्राण्यापासून माणसाने तो घडवला, तर मुंगसाचे कूळ स्वतंत्र आहे आणि प्राणिशास्त्राच्या वंशवृक्षात ते मांजर व तरस यांच्या शाखेवर बसते. मेळघाटच्या जंगलात फेरेटचे खरे भाऊबंद शोधायचे झाल्यास ते मुंगसात नव्हे, रातेलात आणि पाणमांजरात सापडतील. मराठी वाचकाला गंमत वाटेल अशी गोष्ट म्हणजे इंग्रजीतील 'मंगूस' हा शब्द मराठी 'मुंगूस'वरूनच गेला असे कोशकार मानतात. म्हणजे जगभर हा प्राणी ज्या नावाने ओळखला जातो, ते नाव मराठी मुलखातले आहे.

फेरेट पाळता येतो, मग मुंगूसही पाळता येईल, या तर्कात 'माणसाळणे' आणि 'पाळीव होणे' या दोन निराळ्या गोष्टींची गल्लत होते. माणसाळणे हे एकेका जनावरापुरते असते: पिल्लू लहानपणी हाती लागले, दूध पाजून वाढवले, तर ते माणसाच्या अंगाखांद्यावर खेळते, पण ती सवय त्याच्याबरोबरच संपते आणि त्याच्या पिल्लांत उतरत नाही. पाळीव होणे ही संपूर्ण जातीची, अनेक शतके चालणारी प्रक्रिया असून तिच्यात माणूस प्रत्येक पिढीतून सौम्य स्वभावाची जनावरे निवडून त्यांचीच वीण वाढवतो. फेरेटच्या बाबतीत ही निवड किमान दोन हजार वर्षे चालू आहे. सशांच्या बिळात सोडून त्यांना बाहेर काढण्यासाठी युरोपात त्याचा उपयोग करत आणि आजचा फेरेट रानात एकटा टिकून राहीलच याची खात्री देता येत नाही. मुंगसाची अशी निवड कोणीच केली नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजवाड्यात सापांच्या बंदोबस्तासाठी मांजर, मोर यांच्या बरोबरीने मुंगूस ठेवण्याचा उल्लेख आहे, पंचतंत्रात पाळण्यातल्या बाळाची राखण करणारे मुंगूस आहे, आणि गारुड्याच्या टोपलीशेजारी दोरीला बांधलेले मुंगूस तर वऱ्हाडच्या आठवडी बाजारांत मागच्या पिढीपर्यंत दिसत असे. पण या सगळ्यांत प्रत्येक मुंगूस रानातून धरून आणलेले होते. म्हणूनच हाताळून वाढवलेले पिल्लू वयात आले की शेपटीखालच्या ग्रंथींतील उग्र वासाचा स्राव कोपऱ्याकोपऱ्याला लावून हद्द आखू लागते, अन्नावर हात नेल्यास चावते आणि कोंडले तर उंबऱ्याखालची माती उकरते, तेव्हा पाळणाऱ्याला वाटते की जनावर बिघडले. वस्तुतः ते केवळ मोठे झालेले असते.

कायद्याविषयीचा गैरसमज याहून अधिक महागात पडणारा आहे. मुंगूस वाघ-बिबट्यासारखे दुर्मिळ नाही, पऱ्हाटीच्या ढिगाआड आणि कुटाराच्या गंजीखाली सर्वत्र आढळते, म्हणून त्याला संरक्षण नसावे असे अनेकांना वाटते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये मात्र मुंगसाच्या जाती संरक्षित आहेत आणि २००२ नंतर त्यांना कडक शिक्षेच्या वर्गात घालण्यात आले. या कायद्यात 'शिकार' या शब्दाचा अर्थ मारणे एवढाच नसून पकडणे, फासा लावणे आणि तसा प्रयत्न करणे हेही त्यात येते, तेव्हा पिल्लाला खाऊपिऊ घालून प्रेमाने सांभाळले हा बचाव टिकत नाही. या कडकपणाचे एक कारण बाजारात आहे: मुंगसाच्या शेपटीचे ताठ, पट्टेदार केस चित्रकारांच्या कुंचल्यांसाठी वापरले जातात आणि एक किलो केसांसाठी सुमारे ५० मुंगसे मारावी लागतात. २०१९ मध्ये केंद्रीय वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागाने या व्यापाराविरुद्ध 'ऑपरेशन क्लीन आर्ट' नावाची देशव्यापी मोहीम चालवली होती.

सापाचा प्रश्न वऱ्हाडात जिव्हाळ्याचा आहे, कारण पावसाळ्यात शेतात व घरात सर्पदंशाची धास्ती कायम असते. त्यामुळे 'घरात मुंगूस, तर सापाची भीती नाही' ही समजूत तपशिलाने तपासली पाहिजे. मुंगूस साप मारते हे खरे आहे, पण साप हे त्याचे रोजचे जेवण नाही. उंदीर, सरडे, किडे, विंचू, बेडूक, पक्ष्यांची अंडी आणि प्रसंगी पडलेली फळे यांवर त्याचे पोट भरते. अंडे फोडण्याची त्याची रीत पाहण्यासारखी असते: ते अंडे पुढच्या पायांत धरते, दगडाकडे किंवा भिंतीकडे पाठ करून उभे राहते आणि मागच्या पायांच्या मधून अंडे जोराने मागे भिरकावते. साप समोर आला तरी मुंगूस प्रत्येक वेळी झुंजत नाही, आणि झुंजले तर जिंकते ते मुख्यतः चपळाईने, फुलवलेल्या राठ केसांमुळे आणि सापाला वार करायला लावून दमवण्याच्या पद्धतीने.

विष त्याला बाधतच नाही, किंवा बाधल्यास ते मुंगुसवेलीचे मूळ चावून उतारा करते, या समजुतीचा पहिला भाग अर्धाच खरा असून दुसऱ्याला आधार नाही. नागाच्या विषातील एक महत्त्वाचा घटक स्नायूंवरच्या ग्राहकांना, म्हणजे चेतातंतूचा संदेश स्वीकारणाऱ्या प्रथिनांना, चिकटतो व स्नायू लुळे पाडतो. मुंगसाच्या ग्राहकांची घडण थोडी वेगळी असल्याने हा घटक तेथे नीट चिकटत नाही, हे १९९० च्या दशकातील संशोधनातून स्पष्ट झाले. परंतु वऱ्हाडात जिला परड म्हणतात त्या घोणसीचे विष प्रामुख्याने रक्तावर आणि ऊतींवर काम करते, तेथे ग्राहकांची ही ढाल उपयोगी पडत नाही, आणि नागाचा भरपूर विष सोडणारा दंशही मुंगसाला मारू शकतो.

याहून महत्त्वाचा मुद्दा वेळेचा आहे, आणि तो सहसा कोणी विचारात घेत नाही. मुंगूस दिवसा हिंडते व रात्री बिळात झोपते. मण्यार नेमकी रात्री बाहेर पडते आणि जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाला चावते. म्हणजे ज्या प्रहरी राखणीची गरज असते त्याच प्रहरी राखणदार झोपलेला असतो. हीच चूक इतरांनी मोठ्या प्रमाणावर केली आहे. १८७२ मध्ये जमैकातील उसाच्या मळ्यांत उंदरांसाठी कोलकात्याहून लहान भारतीय मुंगूस या जातीची ९ जनावरे नेण्यात आली आणि त्यांच्या संततीने पुढे इतर बेटांवरच्या पक्ष्यांचा व सरपटणाऱ्या प्राण्यांचा फडशा पाडला. जपानच्या अमामी ओशिमा बेटावर १९७९ मध्ये हाबू या विषारी सापासाठी सुमारे ३० मुंगसे सोडली. हाबू निशाचर, मुंगसे दिनचर, तेव्हा सापांऐवजी तेथील दुर्मिळ सशांवर संक्रांत आली आणि ती मुंगसे पूर्णपणे हटवल्याची घोषणा करायला २०२४ साल उजाडावे लागले. वऱ्हाडात मुंगूस मूळचेच आहे, म्हणून येथे असे अरिष्ट येत नाही. धुऱ्यावर मोकळे राहून ते उंदरांची बिळे उकरते, आणि साप उंदरांच्या मागे येत असल्यामुळे हा उपयोग त्याने घरात झोपून केलेल्या कोणत्याही राखणीपेक्षा मोठा आहे.

आता फेरेटकडे वळता येईल. तो भारतीय रानातला प्राणी नसल्यामुळे मुंगसासारखा संरक्षित नाही, म्हणून तो निर्धास्तपणे आणता येतो असे मानले जाते. पण परदेशातून जिवंत प्राणी आणण्यासाठी आयातीचा परवाना व पशु संगरोध विभागाची, म्हणजे रोग नाही याची खात्री करणाऱ्या यंत्रणेची मंजुरी लागते, आणि विक्रेत्याने ती कागदपत्रे दाखवली नाहीत तर व्यवहार तेथेच थांबवणे शहाणपणाचे. फेरेटचे गुण नाकारण्याचे कारण नाही. तो खेळकर, निर्भय आणि माणसाच्या सोबतीत रमणारा असतो, दिवसातले १४ ते १८ तास झोपतो, विशिष्ट कोपऱ्यात विधी करायला बऱ्याच अंशी शिकतो आणि ६ ते ८ वर्षे जगतो. अंगाला येणारा वास आंघोळ घातल्याने जातो, ही समजूत मात्र उलटी आहे; वारंवार धुतल्यास त्वचेतील तेल अधिक स्रवते आणि वास वाढतो.

वऱ्हाडात त्याची खरी अडचण उन्हाळा ही आहे. फेरेटच्या अंगात घामाच्या ग्रंथी नगण्य असतात, त्यामुळे तापमान ३० अंशांच्या आसपास गेले की तो धापा टाकू लागतो आणि त्यापुढे उष्माघाताचा धोका असतो. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे ही बातमी राहिलेली नाही. खिडकीतल्या वाळ्याच्या कूलरवर भागेल असा सल्ला दिला जातो, परंतु दुपारचे भारनियमन आणि मृगाच्या तोंडावर हवेत वाढलेला दमटपणा या दोन्ही वेळी कूलर निकामी ठरतो, म्हणजे वातानुकूलित खोली आणि वीज गेल्यावरची पर्यायी सोय हा खर्च जनावराच्या किमतीआधी मांडावा लागतो.

खाण्याची बाब तितकीच हटवादी आहे. फेरेट पूर्ण मांसाहारी असून त्याच्या आतड्यांतून अन्न तीन-चार तासांत बाहेर पडते, म्हणून दूधभाकर, वरणभात किंवा कुत्र्यासाठी आणलेली बिस्किटे त्याला पोसत नाहीत. शाकाहारी घराने हा विचार आधी केलेला बरा. मादीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट जिवावर बेतते: माजावर आलेली मादी नराशी संयोग झाल्याखेरीज माजातून सहसा उतरत नाही, शरीरात साठणारे संप्रेरक अस्थिमज्जेला रक्त तयार करू देत नाही आणि रक्तक्षयाने ती मरते, यास्तव वेळेत निर्बीजीकरण अथवा संप्रेरकाचा उपचार आवश्यक ठरतो. कुत्र्यांतील डिस्टेंपर हा विषाणुजन्य रोग फेरेटला जवळजवळ हमखास मारतो, आणि मोकाट कुत्र्यांच्या गल्लीत हा धोका दारापर्यंत येतो. माणसाचा फ्लूही त्याला होतो. १९३३ मध्ये लंडनमधील शास्त्रज्ञांनी मानवी फ्लूचा विषाणू वेगळा केला, तो फेरेटवर प्रयोग करूनच. अकोल्यात स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे हे भाग्यच, पण या भागातील पशुवैद्यकाचा रोजचा हात गाय, बैल, शेळी व कुत्रा यांवर बसलेला असतो, तेव्हा फेरेटची शस्त्रक्रिया केलेला डॉक्टर आधी शोधावा आणि मगच जनावर आणावे.

लहान जनावराच्या चाव्याने रेबीज होत नाही हा समज दोन्ही प्राण्यांच्या बाबतीत घातक आहे. रेबीज कोणत्याही सस्तन प्राण्याला होऊ शकतो आणि मुंगूस त्याला अपवाद नाही. कॅरिबियनमधील काही बेटांवर तर मुंगूस हाच या रोगाचा प्रमुख वाहक बनला आहे. चावा कितीही बारीक दिसला तरी जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो, आणि वन्य प्राण्याचा चावा डॉक्टर गंभीर वर्गात धरतात.

राहिला प्रश्न सापडलेल्या पिल्लाचा. तुरीच्या धसकटांत किंवा पडक्या गोठ्यात एकटे दिसलेले मुंगसाचे पिल्लू अनाथच असते असे नाही, कारण मादी पिल्लांना तोंडात धरून एकेक करून हलवते व मधल्या वेळात उरलेले पिल्लू एकटे दिसते. म्हणून कुत्र्यांना दूर ठेवून अंतरावरून काही तास वाट पाहणे योग्य. जखमी असल्यास उचलून घरी ठेवणे हा उपकार नव्हे: वन्य प्राणी ताब्यात आल्यावर ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवण्याचे बंधन कायद्यात आहे, आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर सांगितल्यास पुढची व्यवस्था होते. कोंबड्या गमावणाऱ्याची तक्रारही खरी असते, पण तिचा इलाज फासा नाही. खुराड्याला अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लावून ती फूटभर जमिनीत गाडली आणि सांजेची वाट न पाहता पिल्ले दिवसाही आत ठेवली, तर उकरणाऱ्या मुंगसाला पलीकडे जाता येत नाही आणि ते पुन्हा धुऱ्यावरच्या उंदरांकडे वळते.