जहाज बंदराला लागले. उतरायचे की थांबायचे?

नारपोलीत सुट्टीच्या सहलीच्या गप्पा निघाल्या की पूर्वी महाबळेश्वर, अजमेर, हैदराबाद एवढीच नावे ऐकू येत. आता त्यांत जहाजाची भर पडली आहे. सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलियाचे 'एम्प्रेस' हे जहाज मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप अशा फेऱ्या करू लागले. तेव्हापासून कुणाच्या लग्नाला पंचवीस वर्षे झाली म्हणून, कुणाचा भाऊ आखातातून सुट्टीवर आला म्हणून, आमच्या ओळखीतली घरे बॅगा घेऊन बॅलार्ड पियरवर उभी राहू लागली. तिकीट काढेपर्यंत सगळे एकमताने चालते. वाद सुरू होतो तो नंतर. जहाज ज्या दिवशी बंदरात उभे असते त्या दिवशी उतरून गाव पाहायचे, की जहाजावरच राहायचे?

ऐकायला हा चैनीचा प्रश्न वाटतो. पण घरात अकरा माणसे, त्यांत एक गुडघेदुखीची आई, एक तान्हे मूल, आणि मागांच्या मजुरीतून वर्षभर बाजूला टाकलेले पैसे, असा हिशेब असला की तो चैनीचा राहत नाही. उतरलो तर टॅक्सी, जेवण, प्रवेशाचे तिकीट हा खर्च वेगळा. न उतरलो तर एवढ्या लांब येऊन काय पाहिले, ही रुखरुख.

आपल्या लोकांना हा प्रश्न तसा अगदी नवा नाही. कोकणातल्या कितीतरी मुस्लिम घरांत आजोबा-पणजोबा बोटीवर सारंग नाहीतर टंडेल होते. बंदर आले की कुणी उतरायचे नि कुणी पहाऱ्याला थांबायचे हे त्यांच्याकडे पाळीने ठरे. भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी कोकण बोट हर्णै-मालवणला किनाऱ्याला लागतच नसे. ती बाहेर नांगर टाकी आणि उतारू पडावांतून, होड्यांतून जात. हजला जाणाऱ्यांची तर आणखी वेगळी गोष्ट. मुंबईहून जेद्दाला निघालेल्या यात्रेकरूंना तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटावर क्वारंटाइनसाठी उतरावेच लागे. १८८२ मध्ये सुरू झालेले ते ठाणे १९५२ पर्यंत चालले. तिथे मर्जी विचारण्याचा प्रश्नच नव्हता. हजची जहाजे १९९५ मध्ये बंद झाली, पण त्या प्रवासाच्या आठवणी सांगणारी वडीलधारी माणसे भिवंडीत अजून भेटतात, आणि आम्ही सहलीला निघालो तेव्हा त्यांच्यापैकी एकीने एकच सल्ला दिला: औषधाची डबी कमरेला बांधा, बॅगेत ठेवू नका. तो सल्ला आजही चालतो; त्याकडे पुढे येऊ.

आधी वेळेचे बघू, कारण निम्मे निर्णय तिथेच होतात. वेळापत्रकात 'सकाळी आठ ते संध्याकाळी पाच' असे छापलेले असले तरी हातात नऊ तास येत नाहीत. जहाज धक्क्याला लागल्यावर कागदपत्रांची तपासणी होते, मग रांग लागते; लहान मुले घेऊन बाहेर पडेपर्यंत साडेनऊ वाजतात. परत येण्याची शेवटची वेळ सुटण्याच्या अर्धा-एक तास आधीची असते. म्हणजे राहिले साडेसहा-सात तास, आणि त्यांतून येण्याजाण्याचा वेळ वजा करायचा.

गोव्याचेच उदाहरण घ्या. जहाज लागते मुरगाव बंदरात, वास्कोजवळ. पणजी तिथून रस्त्याने तीसेक किलोमीटर. लोकांच्या डोळ्यांसमोर गोवा म्हणजे उत्तरेचे किनारे असतात. ते आणखी पुढे. दूधसागर धबधब्याचे तर नावच काढू नये. आमच्या मते मुरगावला उतरून उत्तर गोवा गाठण्याचा हट्ट करणारा माणूस दिवसभर टॅक्सीची काच पाहून येतो. उतरायचेच असेल तर एकच जागा ठरवावी. आपल्या वाचकांना आम्ही फोंड्याची साफा मशीद सुचवू. विजापूरच्या अली आदिलशहाने १५६० मध्ये बांधलेली ही मशीद, शेजारचा दगडी पायऱ्यांचा तलाव, आजूबाजूची शांतता. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या बहुतेक मशिदी गेल्या, ही टिकली. ते पाहायला दोन तास पुरतात. एवढेही जमणार नसेल तर वास्कोजवळचा बोगमाळो किनारा आहे. आणि गोवा आधी दोनदा पाहिलेला असेल तर सरळ जहाजावर राहावे. मुंबईहून रेल्वेने एका रात्रीत जाता येते तिथे धावपळ कशाला?

कोचीचे तसे नाही. जहाज विलिंग्डन बेटावर लागते आणि शहर तिथून जवळच आहे. मट्टांचेरी, फोर्ट कोची, चिनी जाळी हे सगळे निवांत पाहून होते. मट्टांचेरीत कच्छी मेमनांची जुनी वस्ती आहे, हलाल जेवणाची शोधाशोध करावी लागत नाही. कायीज हॉटेलची बिर्याणी तर दूरवर प्रसिद्ध आहे. २०२३ मध्ये सुरू झालेली वॉटर मेट्रो म्हाताऱ्या माणसांना सोयीची, कारण चढउतार फार नाही. मात्र वार बघून जावे: मट्टांचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद असतो. कोडुंगल्लूरची चेरामन जुमा मशीद भारतातली पहिली मशीद म्हणून सांगितली जाते आणि अनेकांना तिथे जायचे असते. ती पस्तीस-चाळीस किलोमीटरवर आहे. जाऊन येता येते, पण मग त्या दिवशी मट्टांचेरी सोडावे लागते. दोन्ही करू पाहणाऱ्यांचे दोन्ही अर्धवट राहते.

आता लक्षद्वीप. खरा पेच इथे आहे, आणि तो आमच्या घरात पडला म्हणून जरा सविस्तर लिहितो. छत्तीस बेटांपैकी दहांवर वस्ती. २०११ च्या जनगणनेत शहाण्णव टक्क्यांहून जास्त लोकसंख्या मुस्लिम. परवान्याशिवाय तिथे पाऊल ठेवता येत नाही, तो आधीच काढावा लागतो. बेटाभोवती प्रवाळाचे कडे असल्यामुळे मोठे जहाज आत जाऊ शकत नाही. ते खोल पाण्यात थांबते आणि लहान बोटीने किनारा गाठायचा. जहाजाच्या दारातून डुलणाऱ्या बोटीत पाय टाकणे, हात धरायला माणसे असली तरी, सत्तरीच्या बाईला सोपे नाही. अम्मीचे गुडघे दुखतात. तिचीच या बेटांवर सगळ्यात जास्त ओढ होती. समुद्राच्या मधोमध अजानची हाक ऐकायची, असे ती महिनाभर म्हणत होती.

आदल्या रात्री केबिनमध्ये बैठक बसली. अम्मी म्हणाली, मी वरच्या डेकवरून बघते, तुम्ही जा. लगेच सगळ्यांचे डोळे धाकट्या वहिनीकडे गेले. अम्मीजवळ कुणीतरी थांबायला हवे, तान्हे मूलही तिचेच. कुणी काही बोलले नाही, पण ठरल्यासारखेच झाले. वहिनीनेही मान हलवली. घरी जी थांबते तीच जहाजावरही थांबणार, हे आपल्या कुटुंबांत इतके मुरलेले आहे की सहलीचे पैसे सारखे भरूनही दिवस मात्र सारखा वाटला जात नाही. यावर चाचीने जे सुचवले ते कारखान्यातल्या पाळ्यांसारखे होते. लहान बोटी दिवसभर येजा करतात, मग सगळ्यांनी एकदम जायचे कशाला? सकाळच्या पाळीत वहिनी, तिचा नवरा आणि मोठी मुले. तान्हे मूल चाचीकडे. दुपारी ते परतले की बाकीचे. शेवटची बोट किती वाजता, हे मात्र रात्रीच विचारून कागदावर लिहून ठेवले.

आणि अम्मी? सकाळी समुद्र शांत होता. तिला खाली बोटीच्या दारापर्यंत नेले, तिने पाच मिनिटे उभी राहून इतरांना उतरताना पाहिले आणि म्हणाली, नको. आम्ही आग्रह केला नाही. घरच्यांच्या हौसेपोटी म्हाताऱ्या माणसाला बोटीत बसवणे आम्हाला पटत नाही; उतरताना पाय जमला तरी परत चढताना तोच पाय थकलेला असतो. वहिनी परतली ती अजानचा आवाज फोनमध्ये भरून घेऊन. अम्मीने तो डेकवर बसून तीनदा ऐकला.

थांबणाऱ्यांचा दिवस वाया जातो असे मात्र समजू नये. बंदराच्या दिवशी जहाज निम्मे रिकामे होते. जेवणघरात रांग नाही, लिफ्टसाठी ताटकळणे नाही, डेकवर हवी ती खुर्ची मिळते. कॅसिनो आणि करमुक्त दुकाने बंदरात असताना साधारणपणे बंदच असतात, त्यामुळे ज्यांना मुलांना घेऊन तिथून जाताना अवघडल्यासारखे होते त्यांनाही हा दिवस मोकळा वाटतो. आमच्या घरातल्या बायकांचे मत विचाराल तर त्यांना सगळ्या सहलीत हाच निवांतपणा आवडला.

नमाजचेही इथेच सांगतो, कारण पुष्कळ घरे याच कारणाने उतरण्याचा आग्रह धरतात. मुसाफिरावर जुमा फर्ज नाही, तेव्हा शुक्रवारी केवळ त्यासाठी घाईघाईने उतरण्याची सक्ती नाही. मशीद जवळ असेल आणि जाता आले तर आनंदच. भिवंडीत शाफई आणि हनफी दोन्ही घरे आहेत. कसर दोघांनाही आहे, पण दोन नमाजी एकत्र करण्याबाबत मतभेद आहे, तो निघण्यापूर्वी आपल्या आलिमांना विचारून घ्यावा. एक व्यवहाराची गोष्ट: जहाज धक्क्याला बांधलेले असले तर किब्ल्याची दिशा एकदा पाहिली की झाले. नांगरावर उभे असले तर ते वाऱ्या-पाण्याबरोबर फिरत राहते, म्हणून प्रत्येक नमाजला पुन्हा पाहावे.

राहिला प्रश्न जहाज चुकण्याचा. जहाजवाल्यांनीच आखलेल्या सहलीला गेलात आणि बस अडकली, तर जहाज साधारणतः थांबते. स्वतः टॅक्सी करून गेलात तर थांबत नाही. त्यांची सहल महाग पडते हे खरे, पण लांबच्या ठिकाणी जायचे असेल तर ते जास्तीचे पैसे या खात्रीचे आहेत. जवळपास फिरायचे असेल तर गरज नाही. उतरताना प्रत्येकाकडे जहाजाचे कार्ड, आधार कार्ड, थोडी रोख रक्कम आणि जहाजाच्या कचेरीचा फोन नंबर असावा. सगळे एकाच माणसाच्या खिशात नको. आणि औषधे: साखरेची, दाबाची, दोन दिवस पुरतील एवढी, अंगावरच्या लहान पिशवीत. चुकून मागे राहिलात तर बॅग केबिनमध्ये पुढच्या बंदराकडे निघालेली असते.

समुद्र खवळला तर कप्तान बंदर रद्दही करतो, विशेषतः लहान बोटींनी उतरायचे असते तिथे. त्या सकाळी मुले रुसून बसतात. आम्ही सोबत लूडो आणि भिवंडीहून नेलेली नानखटाई ठेवली होती. ती डब्यातच राहिली आणि परतताना शेवटच्या रात्री संपली.