बिनशिक्क्याची पदवी

२०१४ साली महाराष्ट्रात कायदा झाला आणि पुण्याच्या औंध रस्त्यावरचं स्पायसर मेमोरियल कॉलेज ‘स्पायसर ॲडव्हेंटिस्ट युनिव्हर्सिटी’ झालं. संस्था तेव्हा नव्व्याण्णव वर्षांची होती. तोवर तिथून बाहेर पडलेल्या पिढ्यांच्या हातात जी पदवी पडली ती चर्चने चालवलेल्या कॉलेजची होती, पुणे विद्यापीठाची नव्हती. त्या पिढ्यांपैकी एक माझी. ऐंशीच्या दशकात मी गुजरातेतल्या, सुरतजवळच्या चलथाणहून तिथे शिकायला गेलो. घरात अहिराणी, शाळेत गुजराती, वडील साखर कारखान्यात. त्या काळातल्या विद्यार्थिजीवनाबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळत नाही, आणि ते लिहून ठेवावं असं मला फार दिवसांपासून वाटतं आहे.

सुरुवात पुण्यात झालेली नाही. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट मिशनने १९१५ मध्ये कोइमतूरला एक लहानशी प्रशिक्षण शाळा काढली. दोन वर्षांत ती बंगळूरला गेली आणि १९४२ मध्ये तिथून उठून पुण्यात खडकीजवळ आली. युद्धाचं वर्ष, त्यात चलेजावचं. ऑगस्टमध्ये गांधीजींना पुण्यातच आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध करून ठेवलेलं. अशा धामधुमीत मुळा नदीकाठच्या मोकळ्या जागेवर कॉलेज उभं राहिलं. कॉलेजचं नाव विल्यम ॲम्ब्रोज स्पायसर यांच्यावरून. हे अमेरिकन गृहस्थ १८९८ मध्ये कलकत्त्याला आले, ‘ओरिएंटल वॉचमन’ हे मासिक त्यांनी संपादित केलं, आणि १९२२ ते १९३० या काळात ते या पंथाच्या जागतिक संघटनेचे अध्यक्ष होते.

पण कॉलेज ओळखलं जायचं ते पावामुळे. जुन्या पुणेकरांना स्पायसर म्हटलं की आधी गव्हाच्या पिठाचा तपकिरी पाव आणि शेंगदाण्याचं लोणी आठवतं. ते दुकानातून घरी नेणाऱ्या किती जणांना ठाऊक होतं की हा पाव रात्री विद्यार्थ्यांनी मळलेला आहे? बेकरी ही आमच्या अभ्यासक्रमाइतकीच कॉलेजचा भाग होती. तशीच गोठा, शेती, बाग, स्वयंपाकघर, ग्रंथालय, कचेरी. जवळपास प्रत्येकाला काही ना काही काम नेमून दिलेलं असे. त्याला आम्ही सगळे ‘लेबर’ म्हणायचो. महिन्याचे तास मोजले जात, त्याचे पैसे हातात येत नसत. फीच्या खात्यात जमा होत. ज्याच्या घरून मनीऑर्डर वेळेवर येई तोही काम करी, आणि ज्याच्या घरून काहीच येत नसे तो जास्त तास घेई.

बेकरीतली पाळी मला मिळाली ती पहिल्याच वर्षी. साच्यांना आतून तेलाचा हात फिरवायचा, कोपरे सुटता कामा नयेत, नाहीतर पाव चिकटतो आणि काढताना तुटतो. भट्टीतून निघालेला पाव लगेच कापायचा नाही. निवेपर्यंत थांबायचं, घाई केली की सुरीखाली चुरा. एक मिझो मुलगा पाव कापायचा आणि मी कागदात बांधायचो. त्याला मराठी येत नव्हती, मला मिझो. इंग्रजी दोघांचीही तोडकी. आमचं इंग्रजी सुधारलं ते वर्गात जितकं, तितकंच त्या टेबलाशी. पहाटे पाव गाडीत चढला की आंघोळ करून वर्शिपला आणि तिथून थेट इतिहासाच्या तासाला.

हे सगळं पंथाच्या शिकवणुकीतून आलं होतं. ॲडव्हेंटिस्ट चळवळीच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या एलन व्हाइट यांनी डोकं, हात आणि अंतःकरण या तिन्हींचं शिक्षण एकत्र व्हावं असा आग्रह धरला होता. ऑस्ट्रेलियात ॲव्हनडेल इथे १८९७ मध्ये सुरू झालेली शाळा त्याच विचारावर उभी होती. कोइमतूरची शाळा निघाली त्याच १९१५ साली एलन व्हाइट वारल्या.

मात्र मला त्या ऑस्ट्रेलियातल्या शाळेपेक्षा सातारा जास्त जवळचा वाटतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली ती १९१९ मध्ये, आणि साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात १९४७ पासून ‘कमवा आणि शिका’ सुरू झालं. आणि आमच्या दारातच वेडछी आहे. चलथाणहून ताप्ती व्हॅलीच्या गाडीत बसलं की बारडोली, पुढे व्यारा. त्या टापूत वालोडजवळ जुगतराम दवे यांनी आदिवासी मुलांसाठी आश्रम उभा केला. तिथे कताई, शेती आणि अक्षरं एकाच दिवसात बसवलेली होती. एकीकडे बायबल, दुसरीकडे भाऊरावांचा सत्यशोधक विचार, तिसरीकडे गांधीजींची नई तालीम. तिघांची एकमेकांशी ओळख असल्याचं माझ्या ऐकिवात नाही, तरी गरिबाच्या मुलाला मान खाली न घालता शिकता यावं यासाठी तिघांनी काढलेली वाट एकच होती. स्पायसरला ‘मिशनऱ्यांची परकी संस्था’ म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी हे एकदा पाहायला हवं होतं.

मेसमध्ये मांस नसे, हे मला जड गेलं नाही. चहा नसे, हे गेलं. खानदेशातून गुजरातेत आलेल्या घरातल्या मुलाला चहाशिवाय सकाळ होते हे समजायलाच कित्येक आठवडे लागले. तंबाखू, दारू तर लांबच. गेटबाहेर जायला पास लागे, मुलामुलींच्या होस्टेलांना स्वतंत्र डीन, आणि भेटीगाठींचे नियम कडक. काही नियम अनावश्यक होते असं मला तेव्हाही वाटायचं, आजही वाटतं. वीस वर्षांच्या माणसाला शाळकरी पोरासारखं वागवलं की त्याची जबाबदारीची जाणीव वाढत नाही. पण त्याच आवारात तमिळ, तेलुगू, मल्याळी, खासी, नागा, कोरियन, आफ्रिकी मुलं एका ताटात जेवत होती, आणि कोण कुठल्या जातीतून ख्रिस्ती झाला हे विचारण्याची पद्धत नव्हती. लासलगावच्या किंवा हातकणंगल्याजवळच्या आळत्याच्या ॲडव्हेंटिस्ट बोर्डिंगमधून आलेली मराठी मुलं संख्येने थोडी; ती भेटली की आम्ही नदीच्या बाजूला जाऊन पोटभर मराठी बोलून घ्यायचो.

आठवड्याचा कणा होता शनिवार, पंथाचा शब्बाथ, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंतचा विश्रांतीचा दिवस. शुक्रवारी दुपारपासून आवार बदलू लागे. खोल्या झाडायच्या, कपडे इस्त्री करायचे, स्वयंपाकघरात शनिवारचं जेवण आदल्या दिवशीच रांधून ठेवायचं. सूर्यास्ताची वेळ फळ्यावर लिहिलेली असे आणि त्या मिनिटाला भट्टी, कचेरी, पुस्तकं, सगळं बंद. मग व्हेस्पर्सची उपासना आणि गाणी. गाणं हा तिथे सगळ्यांना येणारा विषय होता. चार आवाजांत गाणारी ईशान्येची मुलं पहिल्यांदा ऐकली तेव्हा माझा घसा दाटून आला होता. शनिवारी सूर्य मावळला की बेकरी पुन्हा पेटे, मैदानावर खेळ सुरू होत. इतकी मेहनत करणाऱ्या मुलांना चोवीस तास कुणीही कामाला लावू शकत नाही, ही हमी मोठी होती. पुढच्या आयुष्यात तशी हमी मला कुठल्याही नोकरीत मिळाली नाही.

आणि हाच शनिवार मान्यतेच्या वाटेतही आडवा येण्यासारखा होता. एखाद्या विद्यापीठाशी संलग्न व्हायचं म्हणजे त्याचं वेळापत्रक आलं, आणि वेळापत्रक आलं की शनिवारचा पेपर आला. शिवाय बायबलचे तास, लेबरचे तास, स्वतःचा अभ्यासक्रम. संलग्नतेत यातलं किती टिकलं असतं? एम. ई. चेरियन यांच्या प्रदीर्घ प्राचार्यपदाच्या काळात, म्हणजे १९९० पर्यंत, कॉलेज वाढलं, अमेरिकेतल्या अँड्र्यूज विद्यापीठाच्या सहकार्याने पदव्युत्तर वर्गही चालले. पण सरकारी नोकरीच्या खिडकीवर तो कागद अडत होता. चर्चच्या शाळा-दवाखान्यांत नोकरी होती, परदेशात पुढे शिकायची वाट होती. जे आपापल्या गावी परतले त्यांना हेलपाटे घालावे लागले. मी स्वतः एका कचेरीत फाइल घेऊन उभा होतो आणि समोरचे साहेब कागद उलटसुलट करून पाहत होते, हे मला लख्ख आठवतं. पुढे बाहेरून परीक्षा देऊन मी दुसरी पदवी मिळवली तेव्हा कुठे मास्तरकी मिळाली.

या दुःखात स्पायसर एकटं नव्हतं. धोंडो केशव कर्व्यांचं महिला विद्यापीठ १९१६ मध्ये पुण्यातच निघालं आणि त्याला कायद्याची मान्यता मिळायला १९५१ साल उजाडलं. टिळक महाराष्ट्र विद्यापीठ १९२१ चं. अभिमत दर्जा १९८७ मध्ये. अहमदाबादचं गुजरात विद्यापीठ, गांधीजींनी १९२० मध्ये काढलेलं, १९६३ पर्यंत थांबलं. सरकारी चौकटीबाहेर ज्यांनी स्वतःच्या मनासारखं शिक्षण उभं केलं त्या सगळ्यांच्या विद्यार्थ्यांनी ही किंमत मोजली. त्यात स्पायसरची मुलं सर्वांत जास्त काळ थांबली, आणि त्यांची गणना त्या यादीत कुणी करत नाही. ती व्हावी, एवढं माझं मागणं आहे. कर्व्यांच्या पदवीधर स्त्रियांबद्दल आपण आदराने बोलतो तो योग्यच आहे. मग आदिवासी, दलित घरांतून आलेल्या आणि रात्री पाव मळून दिवसा शेक्सपियर वाचणाऱ्या मुलांबद्दल का नको?

आता शिक्का आला आहे. नवापूर-व्याऱ्याकडची एखादी मुलगी विचारते, “काका, तिथली डिग्री चालते ना?” तेव्हा मी चालते म्हणतो आणि बरं वाटतं. तिच्या वडिलांना मी आणखी एक गोष्ट सांगतो: प्रवेशाच्या वेळी फीबरोबर लेबरचीही चौकशी करा, किती तास मिळतील, कोणत्या खात्यात मिळतील. ज्या घरात ऊसतोडीच्या उचलीवर वर्ष काढलं जातं, तिथे पोरीचं शिक्षण तीन वर्षं टिकेल की पहिल्याच वर्षी सुटेल हे मान्यतेच्या कागदापेक्षा त्या तासांवर जास्त ठरतं.