सान्निध्य आणि वाङ्मयीन नाते : ब्रिटन-जपान संबंधांतील तीन ग्रंथ

दोन संस्कृतींमधील वाङ्मयीन संबंधांचा विचार करताना आपल्याकडे बहुधा 'प्रभाव' ही संकल्पना प्रमाण मानली जाते. कोण कोठे गेला, त्याने काय वाचले आणि त्याचे कोणते पडसाद त्याच्या लेखनात उमटले, या क्रमाने विवेचन केले जाते. संपर्क जितका निकट, तितके नाते दृढ, हे त्यामागील गृहीतक होय. ब्रिटन आणि जपान यांच्या संबंधांतून निर्माण झालेले तीन ग्रंथ या गृहीतकाचा पुनर्विचार करावयास लावतात.

पहिला ग्रंथ नात्सुमे सोसेकी यांचा 'बुन्गाकुरोन' (१९०७), म्हणजे 'साहित्यसिद्धान्त'. जपान सरकारने इंग्रजीच्या अभ्यासासाठी पाठविलेले सोसेकी १९०० ते १९०२ या काळात लंडनमध्ये राहिले. ३० जानेवारी १९०२ रोजी त्याच शहरात ब्रिटन व जपान यांच्या युतीचा करार झाला. सोसेकी मात्र भाड्याच्या खोलीत पुस्तकांच्या सहवासात एकाकी होते. विद्यावेतन अपुरे होते आणि मनःस्वास्थ्यही ढासळले होते. ती दोन वर्षे आपल्या आयुष्यातील सर्वांत अप्रिय होती, अशी नोंद त्यांनी पुढे केली. तथापि या ग्रंथाची बीजे त्या खोलीतच आहेत. चिनी अभिजात वाङ्मयावर पोसलेल्या त्यांच्या अभिरुचीला इंग्रजी साहित्य परके वाटे. एकाच नावाने ओळखली जाणारी ही दोन साहित्ये खरोखर एकाच जातीची आहेत काय, हा त्यांचा मूलभूत प्रश्न होता. उत्तरासाठी ते मानसशास्त्राकडे वळले. जाणिवेच्या केंद्रस्थानी असलेला ठसा वा कल्पना आणि तिला जोडलेली भावना यांच्या संयोगातून साहित्याचा आशय सिद्ध होतो, अशी मांडणी त्यांनी केली. येथे निकट संपर्कातून अनुकरण निपजलेले नाही. दुराव्याच्या जाणिवेतून सिद्धान्त निपजला आहे.

दुसरे उदाहरण याच्या नेमके उलट आहे. आर्थर वेली यांनी जपानला कधीही भेट दिली नाही. १९१३ पासून ब्रिटिश म्युझियममध्ये नोकरी करीत असताना त्यांनी चिनी व जपानी भाषा स्वप्रयत्नाने आत्मसात केल्या आणि मुरासाकी शिकिबू यांच्या 'गेन्जी मोनोगातारी' या अकराव्या शतकाच्या प्रारंभीच्या कथाग्रंथाचा इंग्रजी अनुवाद १९२५ ते १९३३ या काळात सहा खंडांत प्रसिद्ध केला. पहिल्या खंडाचे परीक्षण व्हर्जिनिया वुल्फ यांनी लिहिले. वेलींनी एक प्रकरण गाळले, अनेक ठिकाणी संक्षेप व विस्तार केला. मूलनिष्ठेच्या काटेकोर कसोटीस हा अनुवाद उतरत नाही. परंतु इंग्रजी वाचकाला तो परदेशी नमुना न वाटता एक जिवंत कादंबरी वाटला, हे त्याचे खरे कार्य होय.

तिसरा ग्रंथ एकट्याचा नाही. कुंभारकलावंत बर्नार्ड लीच १९०९ ते १९२० या कालखंडात बहुतांशी जपानमध्ये होते. विल्यम ब्लेकच्या काव्याची गोडी यानागी सोएत्सु यांना त्यांच्यामुळे लागली आणि १९१४ मध्ये यानागींनी ब्लेकवर जपानी भाषेत बृहद्ग्रंथ लिहिला. पुढे अनामिक कारागिरांच्या नित्य वापरातील भांड्यांचे सौंदर्य विशद करणारे यानागींचे निबंध लीच यांनी इंग्रजीत रूपांतरित केले. 'द अननोन क्राफ्ट्समन' या नावाने ते १९७२ मध्ये, यानागींच्या निधनानंतर अकरा वर्षांनी प्रकाशित झाले. देणारा कोण आणि घेणारा कोण, हे येथे ठरविणे कठीण आहे.

हा दाखला मराठीस जसाच्या तसा लावता येणार नाही. जपान ब्रिटिशांची वसाहत कधीच नव्हता; आपल्याकडे इंग्रजी आली ती राज्यकर्त्यांची भाषा म्हणून. सोसेकींना जो प्रश्न विचारता आला, तो आपल्या आरंभीच्या समीक्षेला विचारणे अधिक अवघड होते. म्हणूनच आपल्या अभ्यासात प्रभावांच्या याद्यांबरोबर विरोधाचा, गैरसमजाचा आणि अपुऱ्या ज्ञानातून घडलेल्या निर्मितीचाही शोध घेणे अगत्याचे आहे.

एकविसाव्या शतकात वेलींचा इंग्रजी 'गेन्जी' पुन्हा जपानीत अनुवादित झाला. मूळ ग्रंथ हाताशी असतानाही जपानी वाचकांना तो परक्या भाषेतून फिरून आलेल्या रूपात वाचावासा वाटला. 'प्रभाव' या एका शब्दात हे नाते सामावत नाही.