पाउल व्हिट्गेनश्टाइन

पाउल व्हिट्गेनश्टाइन (जन्म : व्हिएन्ना, ५ नोव्हेंबर १८८७; मृत्यू : न्यू यॉर्क राज्य, ३ मार्च १९६१) हे ऑस्ट्रियात जन्मलेले व पुढे अमेरिकेचे नागरिक झालेले पाश्चात्त्य अभिजात संगीतातील पियानोवादक होते. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावल्यावर त्यांनी केवळ डाव्या हाताने जाहीर मैफली केल्या. त्यांनी विसाव्या शतकातील अग्रगण्य संगीतरचनाकारांकडून एकट्या डाव्या हातासाठी अनेक रचना करवून घेतल्या. तत्त्वज्ञ लुडविग व्हिट्गेनश्टाइन हे त्यांचे धाकटे बंधू होत.

बालपण व शिक्षण

पाउल यांचे वडील कार्ल हे पोलाद-उद्योगातील अतिशय धनाढ्य उद्योजक होते. योहानेस ब्राम्स, गुस्टाफ मालर, रिखार्ड श्ट्राउस अशा थोर संगीतकारांची त्यांच्या घरी ये-जा असे. श्ट्राउस यांच्यासोबत लहानग्या पाउलने एकाच पियानोवर बसून वादनही केले होते. माल्विने ब्रे आणि नामवंत गुरू थेओडोर लेशेटिट्स्की यांच्याकडे त्यांनी पियानोचे शिक्षण घेतले. दृष्टिहीन संगीतरचनाकार योझेफ लाबोर यांचे मार्गदर्शनही त्यांना लाभले. १ डिसेंबर १९१३ रोजी व्हिएन्नात त्यांची पहिली जाहीर मैफल झाली.

महायुद्ध व बंदिवास

पुढच्याच वर्षी युद्ध सुरू झाले आणि व्हिट्गेनश्टाइन सैन्यात दाखल झाले. ऑगस्ट १९१४ मध्ये पोलंडमध्ये टेहळणी करीत असताना त्यांच्या उजव्या कोपराला गोळी लागली. त्यांचा हात कापावा लागला. त्याच सुमारास ते रशियन सैन्याच्या हाती सापडले व त्यांची रवानगी सायबेरियातील ओम्स्क येथे झाली. तेथे लाकडी खोक्यावर कोळशाने पट्ट्या आखून ते डाव्या हाताचा सराव करीत असत, असे सांगितले जाते. बंदिवासातूनच त्यांनी लाबोर यांना डाव्या हातासाठी रचना करण्याची विनंती केली. लाबोर यांनी तिला सुरुवातही केलेली होती. युद्धकैद्यांच्या अदलाबदलीत सुटका झाल्यावर, १२ डिसेंबर १९१६ रोजी व्हिट्गेनश्टाइन यांनी व्हिएन्नातील मैफलीत ती सादर केली.

एकहाती वादनाचे तंत्र

डाव्या हाताच्या वादनाची परंपरा त्यापूर्वीही होती. एकोणिसाव्या शतकात हंगेरीचे गेझा झिची यांनी उजवा हात गमावूनही मैफली केल्या होत्या. ब्राम्स यांनी बाखच्या एका व्हायोलिन-रचनेचे, तर लिओपोल्ड गोडोव्हस्की यांनी शोपँच्या अनेक रचनांचे डाव्या हातासाठी रूपांतर केले होते.

या वादनात डावा हात एका दृष्टीने सोयीचा ठरतो. पियानोच्या ८८ पट्ट्यांत उंच स्वर उजवीकडे असतात आणि डाव्या हाताचा अंगठाही उजवीकडेच येतो. त्यामुळे मुख्य सुरावट बळकट अंगठ्याकडे सोपवून उरलेल्या बोटांनी खालचे स्वर वाजविता येतात. खर्जातील स्वर वाजवून तो पायाच्या पेडलने टिकवून धरायचा आणि तो विरण्यापूर्वी हात झेपेने वर न्यायचा, ही या तंत्रातील मुख्य क्लृप्ती होय. ती साधली की ऐकणाऱ्यास दोन हात वाजवीत असल्याचा भास होतो.

रचनाकारांशी संबंध

वडिलोपार्जित संपत्तीमुळे व्हिट्गेनश्टाइन यांना नामांकित रचनाकारांना भरघोस मानधन देणे शक्य झाले. त्याच्या बदल्यात त्या रचना वाजविण्याचे अनन्य हक्क ते स्वतःकडे राखीत. एरिख कोर्नगोल्ड, फ्रान्त्स श्मिट, रिखार्ड श्ट्राउस आणि बेंजामिन ब्रिटन यांनी त्यांच्यासाठी लेखन केले. सर्वांत गाजली ती मोरिस रॅव्हेल यांची डाव्या हातासाठीची कॉन्चेर्तो, म्हणजे प्रमुख वाद्य व वाद्यवृंद यांच्यासाठीची दीर्घ रचना. तिचे पहिले सादरीकरण ५ जानेवारी १९३२ रोजी व्हिएन्नात झाले. व्हिट्गेनश्टाइन यांनी मूळ संहितेत परस्पर फेरफार केल्याने रॅव्हेल संतापले व दोघांत तीव्र वाद झाला. तरीही जानेवारी १९३३ मध्ये पॅरिस येथे रॅव्हेल यांच्याच संचालनाखाली व्हिट्गेनश्टाइन यांनी ती वाजविली.

आधुनिक शैली त्यांना फारशी रुचत नसे. सेर्गेई प्रोकोफिएव्ह यांची चौथी कॉन्चेर्तो आपल्याला उमगली नाही, असे कळवून त्यांनी ती कधीच वाजविली नाही. पाउल हिंडेमिट यांची १९२३ मधील रचनाही त्यांनी बाजूला ठेवली. दुसऱ्या महायुद्धात उजवा हात गमावलेले जर्मन पियानोवादक झिगफ्रीड राप यांनी त्यांच्याकडे या रचना वाजविण्याची परवानगी मागितली, तेव्हा त्यांनी ती नाकारली. ज्या आपत्तीतून हा संग्रह उभा राहिला, तीच आपत्ती ओढवलेल्या दुसऱ्या वादकाला तो खुला झाला नाही.

स्थलांतर व अखेर

व्हिट्गेनश्टाइन कुटुंब ख्रिस्ती असले, तरी चारपैकी तीन आजी-आजोबा ज्यू वंशाचे असल्याने नाझी कायद्यानुसार पाउल ज्यू ठरले. १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया ताब्यात घेतल्यावर व्हिएन्नातील त्यांची अध्यापकाची नोकरी गेली. त्याच वर्षी त्यांनी अमेरिकेची वाट धरली. १९४६ मध्ये त्यांना तेथील नागरिकत्व मिळाले. त्यांनी डाव्या हाताच्या वादनाचे त्रिखंडात्मक अभ्यासपुस्तक सिद्ध केले. ते १९५७ मध्ये प्रसिद्ध झाले.

वारसा

त्यांनी न वाजविलेल्या रचनाही अखेर रसिकांपर्यंत पोहोचल्या. प्रोकोफिएव्ह यांची कॉन्चेर्तो १९५६ मध्ये पश्चिम बर्लिन येथे प्रथम सादर झाली आणि ती वाजविणारे पियानोवादक राप हेच होते. हिंडेमिट यांच्या रचनेचा शोध व्हिट्गेनश्टाइन यांच्या पत्नीच्या निधनानंतर लागला. डिसेंबर २००४ मध्ये बर्लिन येथे लिओन फ्लायशर यांनी ती प्रथम सादर केली. फ्लायशर यांच्या उजव्या हाताची बोटे १९६० च्या दशकात व्याधीमुळे निकामी झाली होती. त्यानंतरच्या दीर्घ काळात त्यांच्या वादनाला मुख्य आधार मिळाला तो रॅव्हेल यांच्या कॉन्चेर्तोसारख्या डाव्या हाताच्या रचनांचा. व्हिट्गेनश्टाइन यांनी स्वतःसाठी जपून ठेवलेला हा ठेवा आज दोन्ही हात धडधाकट असलेले वादकही आवडीने वाजवितात.